गॅसवर गारवा: गोव्यात कुठे परवडतो, कुठे नाही

पाइप गॅस गोव्यात आला, मीटर बसले, आणि हॉटेलवाल्यांपासून बर्फाच्या कारखानदारांपर्यंत सगळेच एक प्रश्न विचारू लागले: एसी आणि कोल्ड स्टोरेज विजेऐवजी गॅसवर चालवता येईल का? चालवता येते. कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारी ही शोषण यंत्रे जुनी आणि सिद्ध आहेत. फर्दिनां कारे या फ्रेंच माणसाने अमोनिया-पाण्याचे असे यंत्र १८५९ मध्येच केले होते. हॉटेलच्या खोलीत आवाज न करणारा जो छोटा मिनीबार असतो, त्यातले बरेचसे आजही याच तत्त्वावर चालतात, फक्त तिथे ज्योतीऐवजी छोटा हीटर असतो. म्हणून प्रश्न तंत्राचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. तो हिशेब नीट मांडलेला मराठीत सापडत नाही, म्हणून ही नोंद.

निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशासाठी चालले आहेत ते कळेल. फक्त थंडाव्यासाठी गॅस जाळणे गोव्यातल्या वीजदरात परवडत नाही. गॅस आधी दुसऱ्या कामाला लावावा, वीज करायला किंवा वाफ करायला, आणि तिथून वाया जाणाऱ्या उष्णतेवर गारवा काढावा. त्या उष्णतेतही पहिला मान गरम पाण्याचा, दुसरा हवा कोरडी करण्याचा, आणि एसीचा शेवटी. बहुतेक विक्रेते हा क्रम उलटा सांगतात.

एका टनामागे किती गॅस

एक टीआर (टन रेफ्रिजरेशन, थंडाव्याचे माप; बोलण्यात नुसते ‘टन’) म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी उष्णता उचलणे. गॅसच्या थेट ज्योतीवर चालणारे, दोन टप्प्यांचे लिथियम ब्रोमाइड चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारे यंत्र (प्लांट रूममध्ये याला सगळे ‘व्हॅम’ म्हणतात), साधारण १.२ सीओपी देते (दिलेल्या उष्णतेच्या १.२ पट उष्णता उचलते). म्हणजे १०० टीआरसाठी ३,०२,४०० भागिले १.२, तासाला २,५२,००० किलोकॅलरी. हा आकडा नेमका एक एमएमबीटीयू (गॅसच्या बिलातले उष्णतेचे माप) आहे, म्हणून लक्षात ठेवायला सोपा: शंभर टन, एक तास, एक एमएमबीटीयू. पाइप गॅसची निव्वळ उष्णता घनमीटरला ८,५०० किलोकॅलरी धरली तर हे ३० घनमीटरच्या आसपास येते.

एक खाचखळगा इथेच आहे. चिलरचा कॅटलॉग गॅसच्या निव्वळ उष्णतेवर सीओपी सांगतो, तर एमएमबीटीयूवर लावलेले बिल एकूण उष्णतेवर असते. दोन्हींत साधारण दहा टक्क्यांचा फरक पडतो, कारण गॅस जळून जी पाण्याची वाफ होते तिची सुप्त उष्णता चिमणीतून निघून जाते. कोटेशनमध्ये ‘एक एमएमबीटीयू’ लिहिलेले असेल तर बिलात १.१ येणार हे गृहीत धरा.

आता समोरचा पक्ष. चांगला वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर टनाला ०.६५ किलोवॅटच्या आसपास घेतो, म्हणजे १०० टनाला तासाला ६५ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास). गॅसवर गेलात की हे ६५ वाचतात, पण सगळे नाही. व्हॅमचे स्वतःचे सोल्यूशन पंप, रेफ्रिजरंट पंप आणि बर्नरचा ब्लोअर असतो. शिवाय कूलिंग टॉवर मोठा लागतो, कारण खोलीतून उचललेली उष्णता आणि ज्योतीची उष्णता दोन्ही टॉवरवरच फेकायच्या असतात. कूलिंगच्या पाण्याचा प्रवाह टनाला ताशी एक घनमीटरच्या आसपास जातो. विजेच्या चिलरला तेच काम पाऊण घनमीटरच्या आत होते. या सगळ्याची जादा वीज तासाला ११ ते १३ युनिट धरा. हातात उरले ५२-५४ युनिट, आणि जाळला ३० घनमीटर गॅस.

म्हणजे एक घनमीटर गॅस जेमतेम पावणेदोन युनिट वाचवतो. वीज ८ रुपये युनिट धरली तर गॅस १४ रुपये घनमीटरच्या आत मिळाला तरच बरोबरी होईल. व्यावसायिक गॅसचा दर त्याच्या कितीतरी वर असतो. तुमच्या बिलातला दर घाला आणि स्वतःच गुणाकार करून बघा. संयुक्त वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दरांत फिक्स्ड किंवा डिमांड चार्ज वेगळा असतो, तोही धरा. तो धरूनही थेट ज्योतीचे गणित जुळवणे अवघड जाते.

डिझेल जनरेटरशी (डीजी) तुलना केली तर चित्र बदलते. लिटरला साडेतीन युनिट आणि डिझेल ९० रुपये धरले, तर डीजीचे युनिट २६ रुपयांच्या आसपास पडते. त्या युनिटसमोर गॅसचा बरोबरीचा दर ४५ रुपयांपर्यंत जातो. म्हणून ज्या जागी नवीन वीजभार मंजूर होत नाही, ट्रान्सफॉर्मर वाढवायला वाव नाही, आणि रोजचे कित्येक तास डीजी चालतो, तिथे थेट ज्योतीच्या चिलरचा विचार करायला हरकत नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या काही जुन्या मालमत्तांची स्थिती अशीच असते. बाकीच्यांनी पुढचा भाग वाचावा.

इंजिन आधी, चिलर नंतर

गॅस इंजिन-जनरेटर सेट इंधनातल्या ऊर्जेपैकी ३८ ते ४२ टक्के वीज करतो. जवळजवळ तेवढीच उष्णता दोन वाटांनी परत मिळवता येते: जॅकेटचे पाणी (इंजिन थंड ठेवायला त्याभोवती फिरणारे), साधारण ९० अंश सेल्सियस, आणि धूर, ४०० अंशांच्या वर. ३०० किलोवॅटच्या सेटला पूर्ण भारावर ताशी ७५ घनमीटरच्या आसपास गॅस लागतो आणि सुमारे ३०० किलोवॅट उष्णता हाती लागते.

या उष्णतेचे काय करायचे, यावर सगळा फायदा-तोटा ठरतो. एक घनमीटर गॅस इंजिनात जाळला की चार युनिट वीज आणि जवळपास चार युनिट उष्णता मिळते. ती चार युनिट उष्णता विजेच्या गीझरच्या जागी गरम पाण्याला वापरली तर चार युनिट वीज वाचली. गॅस बॉयलरच्या जागी वापरली तर साधारण ०.४५ घनमीटर गॅस वाचला. तीच उष्णता व्हॅममध्ये घातली तर तिच्यातून जेमतेम एक टन-तास थंडावा निघतो, आणि विजेच्या चिलरच्या हिशेबाने त्याची किंमत अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त. फरक सहा-सात पटींचा आहे. इतकी चांगली उष्णता आधी चिलरला देणे हा पैशांचा अपव्यय आहे, आणि मला तो कागदोपत्री ‘ट्रायजनरेशन’ (वीज, उष्णता आणि थंडावा एकत्र) म्हणून मिरवलेला पाहवत नाही.

पण गरम पाण्याची भूक मर्यादित असते. दोनशे खोल्यांच्या हॉटेलात खोलीमागे रोज १०० लिटर पाणी २७ अंशांवरून ६० वर न्यायचे तर दिवसाला ७७० युनिट उष्णता लागते. स्वयंपाकघर आणि लाँड्री धरून हा आकडा दुप्पट करा. ३०० किलोवॅटचे इंजिन सोळा तास चालले तर उष्णता ४,८०० युनिट देते. उरलेली तीन हजारांहून जास्त युनिट जी एरवी रेडिएटरवर जाणार, ती व्हॅमला द्या. ही उष्णता फुकट आहे, म्हणून तिथे अर्ध्या युनिटाची बचतही चालते.

अशा जोडणीत चिलर निवडताना धूर आणि जॅकेटचे पाणी वेगळे विचारात घ्यावे लागतात. ९० अंशांच्या पाण्यावर फक्त एका टप्प्याचे यंत्र चालते, सीओपी ०.७. धुरावर दोन टप्प्यांचे चालते, सीओपी १.२. दोन्ही एकाच यंत्रात घेणारी मॉडेलही मिळतात. ढोबळ मानाने एक मेगावॅट इंजिनामागे २५० ते ३०० टीआर निघतात, म्हणजे ३०० किलोवॅटमागे ऐंशीच्या आसपास. कोणी दीडशे सांगत असेल तर त्यात जादा ज्योत लावलेली आहे का, ते विचारा.

फक्त थंडावा नको, कोरडी हवाही हवी

गोव्यात एसीचा अर्धा त्रास तापमानाचा नसतोच. जुलैमध्ये बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर किलोभर हवेत सुमारे २० ग्रॅम पाणी असते. खोलीत २४ अंश आणि ५५ टक्के हवे असतील तर १० ग्रॅमवर आणावे लागते. हजार सीएफएम (मिनिटाला हजार घनफूट) ताज्या हवेमागे तासाला १९-२० लिटर पाणी काढायचे आहे, असा याचा अर्थ. पावसाळ्यात ऊन नसते, त्यामुळे थर्मोस्टॅट लगेच समाधानी होतो, कॉइलची झडप बंद होते, आणि पाणी हवेतच राहते. चादरी ओलसर लागतात, कपाटाला बुरशी येते, पाहुणा रिसेप्शनवर फोन करून वास येतो म्हणतो. मग कर्मचारी तापमान २० वर आणतात. पुढे थंड भिंतींवर पाणी सुटते आणि रंग फुगतो.

यावर योग्य उपाय म्हणजे ताज्या हवेच्या वाटेत सिलिका जेलचे चाक. चाक हवेतले पाणी शोषते आणि दुसऱ्या बाजूने गरम हवेने सुकवले जाते. हे सुकवणे ८० ते १२० अंशांत होते, म्हणजे इंजिनाचे जॅकेटचे पाणी किंवा बॉयलरच्या धुरातली उष्णता यासाठी चालते. एक किलो पाणी काढायला १,००० ते १,३०० किलोकॅलरी धरा. चाकातून बाहेर पडणारी हवा कोरडी पण गरम असते, म्हणून पुढे कॉइल लागतेच. पण आता ती कॉइल ७ ऐवजी १२-१३ अंशांच्या पाण्यावर चालते, आणि चिलरचा वीजवापर खाली येतो. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत टॅब्लेट आणि कॅप्सूल विभागात अशी चाके नेहमीची आहेत. हॉटेलांनी तिथून शिकावे. खोल्यांपेक्षा आधी लाँड्रीनंतरचे लिनन स्टोअर आणि बँक्वेट हॉल धरा, फरक तिथे पहिल्याच पावसाळ्यात दिसतो.

मासळी आणि बर्फ

लिथियम ब्रोमाइडच्या यंत्रात गोठणारे पाणीच रेफ्रिजरंट (उकळून थंडावा देणारा द्रव) असते. त्यामुळे ते ४-५ अंशांच्या खाली जात नाही. बर्फ, फ्रीझर आणि उणे वीसचे स्टोअर यांना त्याचा काही उपयोग नाही. तिथे अमोनिया-पाण्याचे यंत्र लागते: जनरेटर (इथे वीज करणारा नव्हे, उष्णतेने रेफ्रिजरंट उकळून वेगळा करणारा भाग), रेक्टिफायर, कंडेन्सर, इव्हॅपोरेटर (जिथे थंडावा निघतो), ॲब्सॉर्बर (जिथे रेफ्रिजरंट पुन्हा द्रावणात शोषला जातो) आणि मध्ये हीट एक्स्चेंजर. अमोनिया जनरेटरमधून निघताना पाण्याची वाफ बरोबर घेऊन येतो. ती रेक्टिफायरमध्ये वेगळी काढली नाही तर इव्हॅपोरेटरमध्ये पाणी साचत जाते आणि क्षमता हळूहळू मरते. ही या यंत्राची सर्वांत सामान्य तक्रार आहे, आणि तिचे निदान सहसा उशिरा होते, कारण सगळे गेज ठीकच दाखवत असतात.

मालीम, कुटबण, खारीवाडा या जेटींना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यांसाठी हिशेब असा. एक टन लादीचा बर्फ म्हणजे ३० अंशांचे पाणी शून्यावर आणायला ३० किलोकॅलरी, गोठवायला ८०, पुढे थंड करायला चार, असे किलोला ११४. ब्राइन टँकमधली (गार मिठाच्या पाण्याची टाकी) उष्णतेची गळती, ॲजिटेटर (ते पाणी ढवळणारा), डबे काढताना पाण्यात बुडवणे हे धरून १४५ म्हणा. विजेवर टनाला ५५ युनिटच्या आसपास जातात. अमोनिया-पाण्याचे यंत्र त्या तापमानाला ०.५ सीओपी देते, म्हणजे २,९०,००० किलोकॅलरी, ३४ घनमीटर गॅस. पंपांची वीज वजा जाता वाचले ४५ युनिट. घनमीटरमागे सव्वा-दीड युनिट. एसीपेक्षाही वाईट. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा महागडे यंत्र दोन महिने जवळजवळ रिकामे उभे राहते आणि कर्जाचा हप्ता चालूच असतो. ज्योत लावून बर्फ करण्याचा नाद बर्फवाल्यांनी सोडावा.

त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे आणि तो जास्त सरळ आहे: गॅस इंजिनाने कॉम्प्रेसर थेट फिरवणे. आपल्याकडच्या बहुतेक बर्फ कारखान्यांत ओपन टाइप अमोनिया कॉम्प्रेसर असतात, पट्ट्याने किंवा कपलिंगने मोटरला जोडलेले. मोटरच्या जागी इंजिन येऊ शकते. यात अल्टरनेटर आणि मोटर दोघांचे नुकसान वाचते, आणि घनमीटरमागे साधारण चार युनिटच्या बरोबरीचे काम मिळते. इंजिनाचे गरम पाणी लादी डब्यातून सोडवायच्या टाकीला वापरावे. ते काम आज अनेक ठिकाणी साध्या नळाच्या पाण्याने होते, गरम पाण्याने डबे लवकर सुटतात. तरी बरोबरीचा गॅसदर ३२ रुपयांच्या आसपासच येतो, देखभाल धरून थोडा खाली. म्हणून हे इंजिन मुख्य नव्हे, डीजीची जागा घेणारे म्हणून बसवा. मोटर जागच्या जागी राहू द्या.

इंजिनाच्या धुरावर अमोनियाचे शोषण यंत्र चालते, जॅकेटच्या पाण्यावर बर्फाच्या तापमानाला चालत नाही. उणे पंधराच्या इव्हॅपोरेशनला जनरेटरमध्ये १२० अंशांच्या वर उष्णता लागते आणि जॅकेट ९० देते. या कारणाने फसलेले प्रस्ताव कागदावर अगदी सुंदर दिसतात. अमोनियाच्या वाटेत तांबे-पितळ कुठेही नको, गेजच्या आतही नको.

व्हॅम आजारी का पडते

व्हॅम घेतलेच असेल तर तीन गोष्टी सांभाळा: व्हॅक्यूम, मीठ आणि पाणी.

इव्हॅपोरेटरमध्ये दाब ६ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, तेव्हा पाणी ४ अंशांवर उकळते. बाहेरचा दाब ७६०. म्हणजे एखादा बारीक गॅस्केट सैल झाला तरी हवा आत जाणार, बाहेर काही येणार नाही. गळती दिसत नाही, ऐकू येत नाही. पहिले लक्षण म्हणजे चिल्ड वॉटर (चिलरमधून निघणारे थंड पाणी) ७ ऐवजी ८.५ वर थबकते. ऑपरेटर बर्नर वाढवतो. द्रावण आणखी घट्ट होते, तापते, आत आलेल्या ऑक्सिजनने लोखंड गंजते, गंजातून हायड्रोजन सुटतो आणि व्हॅक्यूम आणखी बिघडते. वर्षभरात काळा गाळ स्प्रेच्या छिद्रांत बसतो. हे सगळे टाळायला एक सोपी चाचणी आहे: पर्ज पंपाच्या (आत शिरलेली हवा बाहेर ओढणाऱ्या) बाहेरच्या नळीचे तोंड पाण्याच्या बाटलीत बुडवा आणि मिनिटाला किती बुडबुडे येतात ते लॉगबुकात लिहा. आज किती आले याला महत्त्व नाही, गेल्या आठवड्यापेक्षा वाढले का ते पाहा. वाढले तर यंत्र बंद करून नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने सांधे तपासा, सापडले नाही तर हीलियमची चाचणी. पर्ज पंपाचे तेल दुधाळ झाले की लगेच बदला. ओल्या तेलाचा पंप पुरेशी पोकळी ओढू शकत नाही आणि मग माणसे गळती शोधत बसतात जिथे गळती नसते.

दुसरे मीठ. लिथियम ब्रोमाइड एक मीठच आहे. पातळ द्रावण ५७-५८ टक्के, घट्ट ६२-६४. ६५ टक्क्यांच्या वर गेले आणि तापमान चाळीस-पंचेचाळीसच्या खाली घसरले की ते गोठते, आणि गोठते नेमके हीट एक्स्चेंजरच्या घट्ट द्रावणाच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी, कारण तिथेच ते सर्वांत घट्ट आणि सर्वांत थंड असते. गोव्यात याची दोन हंगामी कारणे आहेत. एक, मेअखेरच्या गडगडाटी पावसात वीज जाते. बंद होताना यंत्राने पंप काही मिनिटे चालू ठेवून द्रावण पातळ करायचे असते, त्याला डायल्यूशन सायकल म्हणतात. वीज गेली तर ते होत नाही. म्हणून व्हॅमचे पॅनल आणि पंप डीजीच्या ‘इमर्जन्सी’ बसवर (वीज गेल्यावर डीजीवर चालणाऱ्या वाहिनीवर) असलेच पाहिजेत, आणि डीजी दहा-पंधरा सेकंदांत भार घेतो की नाही ते दर महिन्याला खरी वीज तोडून तपासा. दोन, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. तेव्हा वेट बल्ब (ओल्या फडक्यातल्या तापमापकाचा आकडा) २० अंशांच्या आसपास उतरतो, टॉवरचे पाणी २३ वर येते, आणि बर्नर अजून सकाळच्या भाराच्या नादात असतो. टॉवरच्या पंख्याला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारे उपकरण) आणि पाण्याला तीन तोंडी बायपास व्हॉल्व्ह लावून कूलिंगचे पाणी उत्पादकाने दिलेल्या किमान तापमानाखाली जाऊ देऊ नका. कूलिंगचे पाणी जितके थंड तितके चांगले, हा विजेच्या चिलरचा नियम इथे नेऊ नका.

गोठलेच तर घाबरून हातोडी मारू नका. ते तोंड बाहेरून वाफेने किंवा हीट गनने हळूहळू गरम करा, कूलिंगचे पाणी बंद ठेवून पातळ द्रावण फिरवा, रेफ्रिजरंटचे पाणी ॲब्सॉर्बरमध्ये सोडा. अनेक तास लागतात. उघड्या ज्योतीने तापवल्यामुळे वेल्ड सुटलेली यंत्रे दुरुस्त होत नाहीत.

वर्षातून एकदा द्रावणाचा नमुना प्रयोगशाळेत द्या: घनता, अल्कलीपणा, लिथियम मॉलिब्डेटसारखा गंजरोधक किती उरला, तांबे आणि लोखंड किती विरघळले. रेफ्रिजरंटच्या पाण्याची घनताही बघा. ती १ च्या जवळ असावी. १.०४ च्या पुढे गेली म्हणजे मीठ उडून रेफ्रिजरंटमध्ये आले आहे, आणि पाणी आता ठरल्या तापमानाला उकळत नाही. तेवढ्यापुरते रेफ्रिजरंट ॲब्सॉर्बरमध्ये रिकामे करून पुन्हा भरू द्या, पण मीठ का उडाले ते शोधा, सहसा बर्नर फार झपाट्याने वाढवलेला असतो.

तिसरे पाणी. १०० टनाचे थेट ज्योतीचे व्हॅम तासाला साडेआठशे-नऊशे लिटर पाणी टॉवरमधून उडवते, वर ब्लोडाउन (क्षार साठू नयेत म्हणून सोडून दिलेले पाणी). विजेच्या चिलरपेक्षा साधारण ३५०-४०० लिटर जास्त, आणि सोळा तास चालवले तर दिवसाला सहा हजार लिटरच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरची निम्मी हॉटेले टँकरवर असतात. हा खर्च प्रस्तावात कुणी लिहीत नाही. हॉटेलच्या एसटीपीचे (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचे) पाणी टॉवरला वापरता येते, पण फिल्टर आणि जंतुनाशक डोस नीट हवा, आणि खाडीकाठच्या विहिरीचे खारे पाणी कधीही नको. क्लोराइड वाढले की तांब्याच्या नळ्यांना बारीक छिद्रे पडतात, आणि नळीचे छिद्र म्हणजे टॉवरचे पाणी थेट व्हॅक्यूममध्ये. त्या दिवशी यंत्र संपले असे समजा. नळ्या दरवर्षी नायलॉनच्या ब्रशने साफ करा.

चिल्ड वॉटरचा प्रवाह थांबला आणि बर्नर चालू राहिला तर इव्हॅपोरेटरच्या नळ्या गोठून फुटतात. म्हणून फ्लो स्विच आणि डिफरन्शियल प्रेशर स्विच दोन्ही हवेत, आणि त्यांना ‘तात्पुरते’ वायरने जोडून ठेवणाऱ्यावर कारवाई करा.

ज्योतीच्या बाजूचे

गॅस ट्रेनमध्ये बॉल व्हॉल्व्ह, फिल्टर, रेग्युलेटर, कमी आणि जास्त दाबाचे स्विच, एकामागे एक दोन शट-ऑफ सोलेनॉइड (विजेने उघड-बंद होणारे व्हॉल्व्ह) आणि त्यांची गळती आपोआप तपासणारा व्हॉल्व्ह-प्रूव्हिंग सेट असावा. सोलेनॉइड एकच लावून पैसे वाचवलेले दिसले तर यंत्र ताब्यात घेऊ नका. धुरात ऑक्सिजन ३ ते ४ टक्के ठेवा. कमी झाला तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो, जास्त झाला तर गरम हवा चिमणीतून जाते आणि बिल वाढते. धुराचे तापमान महिन्याला नोंदवा. पूर्ण भारावर १८० असायचे ते २२० झाले म्हणजे जनरेटरच्या नळ्यांवर काजळी किंवा आतून गाळ.

चिमणीचे पत्रे स्टेनलेसचे हवेत. एक घनमीटर गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होते, थंड पत्र्यावर ते साठते आणि आम्लधर्मी असते. समुद्राचा खारा वारा बाहेरून आणि हे पाणी आतून, साधा पत्रा दोन पावसाळे टिकत नाही.

जी हॉटेले सिलिंडरच्या एलपीजीवरून पाइप गॅसवर आली त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे गळतीचे सेन्सर जमिनीलगत लावलेले असतात. नैसर्गिक गॅस हलका असतो, तो छताकडे जातो. इंधन बदलताना बर्नरचे नोझल बदलले जाते, पण सेन्सर खालीच राहतात. आजच प्लांट रूममध्ये जाऊन बघा. सेन्सर छतापासून फूटभराच्या आत, आणि छताला लागून उघडी झरोके हवीत. तळघरातली प्लांट रूम असेल तर सतत चालणारा एक्झॉस्ट पंखा, आणि त्याला गॅस व्हॉल्व्हशी इंटरलॉक (पंखा थांबला की गॅसही बंद).

पाइपलाइनचा दाबही विचारून घ्या. उत्तर गोव्यात गेल गॅस आणि भारत पेट्रोलियम यांची संयुक्त कंपनी, दक्षिणेत इंडियन ऑइल आणि अदानी यांची संयुक्त कंपनी गॅस देते. दाभोळ-बंगळुरू पाइपलाइनच्या फाट्याने गॅस राज्यात येतो, सांकवाळचा खत कारखाना नाफ्थावरून गॅसवर आला तो त्याच वाटेने. पण तुमच्या गेटपर्यंत लाइन आहे म्हणजे पुरेसा गॅस आहे असे नव्हे. मीटरनंतरचा दाब पूर्ण भार घेतल्यावर किती राहतो, हे लेखी मागा. स्वयंपाकघराच्या मीटरवरून चिलरची शाखा काढली की जेवणाच्या वेळी कमी दाबाचा स्विच बर्नर पाडतो.

ऑर्डर देण्यापूर्वी कागदावर काय हवे

सीओपी कुठल्या उष्णतेवर, निव्वळ की एकूण. कूलिंगचे पाणी ३२ अंश असताना क्षमता किती. गोव्यात टॉवर त्याहून थंड पाणी मेमध्ये देऊ शकत नाही, आणि कॅटलॉग अनेकदा २९-३० वर लिहिलेला असतो. अर्ध्या आणि पाव भारावर गॅस किती, कारण यंत्र वर्षातले बहुतेक तास तिथेच चालणार आहे. पंप, पंखे आणि ब्लोअरची एकत्रित वीज. पाण्याचा दैनिक खर्च. सर्व्हिस इंजिनीअर कुठून येतो आणि किती तासांत. या यंत्रांचे जाणकार पुण्याकडे आहेत, पिंपरी-चिंचवडची थर्मॅक्स हे आपल्याकडचे सर्वांत परिचित नाव, पण फोनवर व्हॅक्यूम दुरुस्त होत नाही. तुमच्या माणसाला पर्ज करणे, बुडबुडे मोजणे आणि डायल्यूशन सायकल ओळखणे आले पाहिजे, ते प्रशिक्षण खरेदीच्या करारातच लिहून घ्या.

कामगिरीची चाचणी मेमध्ये, दुपारी दोन ते पाच, भरल्या हॉटेलात घ्या. चिल्ड वॉटरला चुंबकीय फ्लो मीटर, दोन्ही टोकांना कॅलिब्रेट केलेले तापमापक, गॅसला स्वतंत्र मीटर. ताशी प्रवाह घनमीटरमध्ये गुणिले तापमानातला फरक गुणिले हजार, भागिले ३,०२४, म्हणजे टीआर. शेवटच्या हप्त्यातले दहा टक्के ही चाचणी होईपर्यंत थांबवून ठेवा.